पिवळी पाटी होती, मग चूक कोणाची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या आई, वय चौसष्ट, एका मोठ्या स्टोअरमध्ये फ्रीझरच्या रांगेजवळ घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की तिथे ‘फरशी ओली आहे’ अशी पिवळी पाटी लावलेली होती, त्यामुळे स्टोअर जबाबदार नाही. जाताना खरेदीचं एक कूपन पुढे केलं आणि एका कागदावर सही मागितली. आईंचंही म्हणणं, ‘माझंच लक्ष नव्हतं.’ तुम्ही विचारताय की चूक कोणाची, आता काय करायचं, आणि नातवाला घेऊन पुन्हा तिथे जायचं तर काय जपायचं. चपलांचा प्रश्नही आहे, त्यावर शेवटी येतो.

मी सतरा वर्षं अशाच स्टोअरांची सुरक्षा तपासणी केली. म्हणजे बसायचो मॅनेजरच्या बाजूला. अपघात झाला की कागद गोळा करायचे आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं ते सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे ‘पाटी होती’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. पहिली दोन-तीन वर्षं मी स्वतःही ते अहवालात लिहायचो, हे कबूल करतो.

पाटी होती की नव्हती, यावर वाद घालत बसू नका. विचारायचं ते वेगळंच आहे. पाणी आलं कुठून? किती वेळ तिथे होतं? आणि स्टोअरच्या माणसांना ते कधी कळलं? पाटी यातल्या फक्त शेवटच्या प्रश्नाला उत्तर देते, आणि ते उत्तर स्टोअरला अडचणीचंच आहे. पाटी लावली याचा अर्थ पाणी आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग पुसलं का नाही?

अर्थात इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. कुणा गिऱ्हाइकाच्या हातून मिनिटभरापूर्वी बाटली फुटली, कर्मचाऱ्याने पाटी उभी केली आणि तो मॉप आणायला धावला, आणि तेवढ्यात तुमच्या आई तिथे पोचल्या, असं असेल तर स्टोअरने जे करायला हवं तेच केलं. पण फ्रीझर चार दिवस गळत होता आणि पाटी चार दिवस उभी होती, तर ती पाटी म्हणजे काम टाळायची सोय झाली. बाहेरून दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात. फरक कळतो तो नोंदींमधून आणि कॅमेऱ्यातून. कायदाही देशागणिक बदलतो. भरपाई किती मिळेल, किती दिवसांत दावा करावा लागेल, हे तिथल्या वकिलालाच विचारा. मी सांगतोय ते वकिलाकडे जाण्याआधीचं.

पण त्याआधी आईंची तब्येत. घसरलेला माणूस बहुधा मागे किंवा बाजूला पडतो, ठेच लागलेला पुढे. चालताना टाच टेकते त्या क्षणी ती पुढे सटकली की पाय निघून जातात आणि धड मागे राहतं. हात आपोआप जमिनीकडे जातो आणि सगळा भार तळहातावर येतो. मनगट असंच मोडतं. अब्राहम कोलिस या आयरिश शल्यचिकित्सकाने १८१४ साली या मोडीचं वर्णन केलं, एक्स-रेचा शोध लागायच्या ऐंशी वर्षं आधी, आणि डॉक्टर अजूनही तिला त्याच्याच नावाने ओळखतात. अडचण अशी की मनगट वाकडं झालेलं दिसतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच राहतं. डोकं आपटलं होतं का, हे आईंना शांतपणे विचारा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आजच सांगा, कारण डोक्यातला रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनीही कळतो. जांघेत किंवा नुसत्या गुडघ्यात दुखत असेल तरी खुबा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. आणि या वयात नुसतं उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं असेल तर हाडांची घनता मोजून घ्यावी लागते. डॉक्टरांनी ते सुचवलं नसेल तर तुम्ही विषय काढा.

आता ‘माझंच लक्ष नव्हतं’ याबद्दल. टाच दोन-तीन सेंटीमीटर सरकली तर आपल्याला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही, शरीर सावरून घेतं. दहाच्या आसपास सरकली की सावरणं हाताबाहेर जातं. या दोन्हींच्या मध्ये जो काही क्षणाचा अवकाश आहे त्यात लक्ष असून फारसा उपयोग होत नाही. चकचकीत लादी कोरडी असताना पायाला छान धरते, म्हणून ती सुरक्षित वाटते. तिच्यावर पाण्याचा पातळ थर आला की टाच आणि लादी यांच्यामध्ये पाणी अडकतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि घर्षण एकदम कोसळतं. खडबडीत लादीत पाणी खाचांमधून निघून जातं. हे मोजायचं एक साधन आहे: लोलकाच्या टोकाला रबराचा तुकडा असतो, तो वरून सोडला की लादीला घासत जातो, आणि किती अडला यावरून आकडा मिळतो. ब्रिटनमध्ये ३६ किंवा जास्त आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात, २५च्या खाली आला तर जास्त. एकाच लादीचा कोरडा आकडा उत्तम आणि ओला आकडा पंधराच्या घरात, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. मॅनेजर मात्र कोरडा आकडा दाखवून खूश असतो.

शिवाय गिऱ्हाईक खाली बघत नाही, कारण त्याने खाली बघू नये अशीच सगळी मांडणी असते. सवलतीचे फलक डोळ्यांच्या उंचीवर, नवा माल रांगेच्या टोकाला, वरती दिव्यांचा झोत. माणसाची नजर वर खेचण्यासाठी इतका खर्च करायचा आणि तो पडला की ‘खाली का नाही बघितलं’ म्हणायचं, हे मला कधी पटलं नाही. आईंना हे वाचून दाखवा. लक्ष नसण्याचा थोडा वाटा त्यांच्याकडे येऊ शकतो, बऱ्याच देशांत तसा तो धरतात आणि भरपाई त्या प्रमाणात कमी करतात, पण त्यामुळे स्टोअरचा वाटा शून्य होत नाही.

पाटीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी तिच्यावर एवढा का चिडतो ते कळेल. एका स्टोअरमध्ये सकाळी दार उघडायच्या आधी पोचलो होतो. फ्रीझरच्या रांगेच्या टोकाला पाटी उभी. सहज उचलली तर खाली लादीचा चौकोन स्वच्छ, मूळ रंगाचा, आणि भोवती मळाची काळसर रेघ. म्हणजे पुसणारा माणूस रोज पाटीला वळसा घालून पुसत होता. मग फ्रीझरची खालची जाळी काढायला लावली. आत एक पुठ्ठ्याचा खोका उकलून, चपटा करून सरकवलेला, भिजून लगदा झालेला. निचऱ्याची नळी शेवाळाने आणि लेबलांच्या तुकड्यांनी तुंबली होती. फ्रीझर आतला बर्फ ठरावीक वेळाने स्वतःच वितळवतो. ते पाणी नळीतून जायचं ते दर वेळी रांगेत येत होतं. हाउसकीपिंगच्या बाईंना विचारलं, केव्हापासून? त्या म्हणाल्या, ‘हे तर नेहमीचंच.’ देखभालीच्या वहीत एक ओळ नव्हती. मेकॅनिक आला, वीस मिनिटांत नळी मोकळी करून गेला.

तुमच्या आई फ्रीझरपाशीच पडल्या, म्हणून मला ही नळी आठवली. तिथेही तसंच असेल असा माझा दावा नाही. पण फ्रीझरजवळचं पाणी सहसा एकदाच सांडलेलं नसतं. नळी, दाराचं रबर किंवा खाली पाणी गोळा करणारी ताटली यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते पुनःपुन्हा तिथेच येतं. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ म्हणतात, पण स्टोअरमध्ये पुढच्याची ठेच कुणी लिहूनच ठेवत नाही, तर मागचा शहाणा होणार कसा? जो घसरला पण पडला नाही त्याची नोंद व्हावी यासाठी मी वर्षानुवर्षं भांडलो. निम्म्या ठिकाणीही यश आलं नाही.

पाणी किती वेळ होतं, हा मुद्दा न्यायालयांनी फार पूर्वीच ओळखला आहे. अमेरिकेत बॉस्टनचे दोन खटले आहेत, दोन्ही केळ्याच्या सालीवरून घसरण्याचे, दोन्ही रेल्वे फलाटावरचे. १९०१च्या खटल्यात प्रवासी हरला, कारण साल मिनिटभरापूर्वीच कुणी टाकली असण्याची शक्यता होती. तेवढ्यात रेल्वेने काय करायचं? १९११च्या खटल्यात बाई जिंकल्या, कारण साल काळी पडलेली, वाळलेली, धुळीने खरखरीत आणि तुडवून चपटी झालेली होती, असं साक्षीत आलं. सालीच्या रंगानेच वेळ सांगितली. पुढे १९७६ साली इंग्लंडमध्ये वॉर्ड विरुद्ध टेस्को या खटल्यात अपील न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. सुपरमार्केटमध्ये दही सांडलं होतं, बाई घसरल्या, दही किती वेळ पडून होतं हे कुणालाच सांगता येईना. न्यायालयाने बहुमताने म्हटलं की जमीन स्टोअरच्या ताब्यात आहे, तेव्हा आपण नीट व्यवस्था ठेवली होती हे स्टोअरनेच दाखवावं. ते दाखवता आलं नाही. हे निकाल तुमच्या देशात जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण वकील याच दिशेने विचारणार, ‘किती वेळ?’

म्हणून आता कागद. स्टोअरला आजच लेखी पत्र द्या, ईमेल आणि पोच मिळेल असं टपाल, दोन्ही. पत्रात तारीख, अंदाजे वेळ आणि जागा लिहा. बिल सापडलं तर त्यावर वेळ असतेच. मग मागणी करा की कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं. इथे बहुतेक लोक एक चूक करतात: ‘पडतानाचं’ रेकॉर्डिंग मागतात. तुम्ही पडण्याच्या आधीचे किमान तीन तास आणि नंतरचा एक तास मागा. पडतानाचं चित्र फक्त पडणं दाखवतं. आधीच्या तीन तासांत पाणी कधी आलं, कोण कर्मचारी त्याला वळसा घालून गेला, पाटी कधी आली, हे दिसतं. नंतरच्या तासात पाटी आई पडल्यावर आणून ठेवली का, हेही दिसतं. हा प्रकार मी दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. घाई याच्यासाठी की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं आपोआप चढत जातं. मी काम केलेल्या ठिकाणी ते आठवड्यात पुसलं जायचं, कुठे महिन्याने. लेखी मागणी पोचल्यानंतर पुसलं गेलं तर त्यांना ते समजावून सांगणं जड जातं.

त्याच पत्रात अपघाताच्या नोंदीची प्रत, त्या दिवसाचा सफाईचा तक्ता आणि त्या फ्रीझरची मागच्या तीन महिन्यांची देखभाल नोंद मागा. लगेच देतील असं समजू नका, पण मागितल्याची नोंद राहते. तक्ता मिळाला तर निरखून बघा. खरा तक्ता गबाळा असतो: वेळा १०:०७, ११:२०, मध्ये खाडाखोड, एका शिफ्टची सही विसरलेली. ज्याच्यात दिवसभर बरोबर ९, १०, ११, १२ असं लिहिलंय, सगळं एकाच पेनाने आणि एकाच तिरकेपणाने, तो दिवस संपताना एका बैठकीत भरलेला असतो.

आईंच्या शेजारी कुणी होतं का, कुणी उठवायला मदत केली का, ते आत्ताच लिहून काढा. आईंना त्यांच्या शब्दांत सगळं सांगायला सांगा आणि तारखेसह टिपून ठेवा. कपडे ओले झाले होते का, किती, मागून की बाजूने, हेही. ओल्या कपड्यांवरून डबकं किती मोठं होतं याचा अंदाज येतो. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर ‘स्टोअरमध्ये ओल्या फरशीवर घसरून’ असं कारण लिहिलंय का ते तपासा. आणि त्या कूपनाच्या कागदावर सही केली नसेल तर करू नका. बारीक अक्षरात बहुधा ‘आता काही तक्रार उरली नाही’ असंच लिहिलेलं असतं. सही होऊन गेली असेल तर प्रत मागून वकिलाला दाखवा, तेवढ्याने सगळं संपतंच असं नाही.

आता नातवाचं. तुम्हाला लादीची धास्ती आहे, मला ट्रॉलीची जास्त. अमेरिकेत १९९० ते २०११ या काळाचा अभ्यास झाला आहे: ट्रॉलीमुळे जखमी होऊन आपत्कालीन विभागात आणलेली मुलं वर्षाला सरासरी चोवीस हजार. त्यातली सुमारे सत्तर टक्के ट्रॉलीतून पडलेली, आणि दर पाचातल्या जवळपास चौघांना मार डोक्याला. मधे २००४ साली ट्रॉलीसाठी ऐच्छिक मानक आलं, तरी आकडा खाली आला नाही. कारण सरळ आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, ट्रॉलीची बैठक उंच आणि चाकांमधलं अंतर कमी. मूल उभं राहून मागे वळलं की काम झालं. पट्टा असेल तर लावा, नसेल तर दुसरी ट्रॉली घ्या, आणि माल टाकायच्या टोपलीत मुलाला उभं करू नका. कडेला लटकूही देऊ नका. कडेला लटकलेलं मूल अख्खी ट्रॉली स्वतःवर ओढून घेतं.

दुसरं, वरचा माल. उंच रॅकवर पाठीला पाठ लावून खोके रचलेले असतात. पलीकडच्या रांगेत कुणी खोका आत ढकलला तर अलीकडचा खोका तुमच्या डोक्यावर येतो, आणि ढकलणाऱ्याला ते दिसतही नाही. अडीच मीटरवरून पडलेली वस्तू खाली येईपर्यंत ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाने येते. म्हणून फोर्कलिफ्ट किंवा चाकांची शिडी चालू असेल तर ती रांग आणि तिच्या पलीकडची रांगही बंद करायची असते. व्यवहारात पलीकडची रांग बंद करायला विसरतात. शेजारच्या रांगेतून यंत्राचा आवाज आला तर मुलाला घेऊन तिथून निघा, खरेदी दहा मिनिटांनी करा.

सरकत्या उतारावर ट्रॉलीची चाकं पट्ट्याच्या खाचांमध्ये रुततात आणि ट्रॉली जागच्या जागी थांबते, म्हणून ती तिथे चालते. पण चाकं झिजली की रुतत नाहीत. चढल्यावर लगेच हलकेच पुढे ढकलून बघा. सरकली तर दोन्ही हातांनी धरा आणि तुम्ही तिच्या उताराच्या बाजूला उभे राहू नका. पायऱ्यांच्या सरकत्या जिन्यावर ट्रॉली किंवा बाबागाडी न्यायचीच नाही. मऊ रबरी क्लॉग (मागून उघडे, जाड जोडे) घातलेल्या मुलाचा पाय जिन्याच्या कडेपासून लांब ठेवा, ते रबर फटीत ओढलं जातं. थांबवायचं लाल बटण जिन्याच्या खाली आणि वर असतं. चढण्याआधी ते कुठे आहे ते एकदा नजरेखालून घाला. आपोआप उघडणारी दारं, गुंडाळलेल्या कडांची पायपुसणी, पार्किंगमधले चाक अडवायचे ठोकळे, यांच्यावरही लिहिता येईल, पण सावकाश चालणाऱ्या माणसाने दारात थांबू नये आणि पायपुसण्यावरून पाय उचलून जावं, एवढं आईंसाठी पुरेसं आहे.

आणि चपला. तुम्ही लिहिलंय की आईंनी त्या दिवशीच्या चपला धुवायला काढल्यात. धुऊ देऊ नका. सोल घासून गुळगुळीत झालेला असेल, तर स्टोअर तेच पुढे करणार. खाचा शाबूत असतील तर ते बोलणं तिथेच थांबतं. दोन्ही चपलांच्या तळाचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, उजेडात. मग त्या कागदी पिशवीत घाला, प्लास्टिकच्या नको, ओल असेल तर बुरशी धरते. पिशवीवर तारीख लिहून कपाटात ठेवा. आईंना तोवर दुसऱ्या चपला घेऊन द्या, आणि घेताना वरची नक्षी बघण्याआधी त्या उलट्या करून तळ बघा.